टायमिंग बेल्ट तुटला : इंजिन गेलं की वाचलं, हे कसं ओळखायचं

टोचन करून आणलेल्या गाडीसोबत मालकाचा प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन गेलं का हो?" टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक आणि कॅम या इंजिनातल्या दोन दांड्यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा. क्रँकवर पिस्टन वर-खाली होतात, कॅम व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडतो. डिझेल गाडी असेल तर व्हॉल्व्ह बेंड झालेत असं धरूनच कामाला लागायचं, वाचले तर नशीब. पेट्रोल असेल तर इंजिन कुठलं आहे आणि बेल्ट कुठल्या वेगाला तुटला यावर आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : बेल्ट गेल्यावर जितक्या वेळा सेल्फ मारला जातो, तितकं काम वाढण्याचीच शक्यता असते. तेव्हा गाडी आत्ता रस्त्याच्या कडेला उभी असेल तर किल्ली खिशात टाका आणि मग पुढे वाचा.

लक्षणं

चालती गाडी एकदम बंद पडते. आधी खोकत नाही, आचके देत नाही, कुणी स्विच बंद करावा तशी मरते. डिझेल संपलं किंवा पंप गेला तर गाडी सहसा थोडी कुरकुर करून थांबते. इथे तसं काही होत नाही. पाठोपाठ स्टिअरिंग जड होतं, ब्रेक एक-दोनदा नीट लागतो आणि मग दगडासारखा होतो, कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळायचं थांबतं. घाटात हे झालं तर इंजिनाची काळजी नंतर करा. आधी क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा, ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा, चारही इंडिकेटर लावा आणि कडेला घ्या. क्लच लगेच दाबण्याचा दुहेरी फायदा आहे. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं क्रँक फिरवत राहतात, म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हवर आपटत राहतात.

नंतर सेल्फ मारला की आवाज वेगळा येतो. धड इंजिन फिरताना त्याला ठेका असतो, प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनला (हवा दाबायला) आला की स्टार्टर जरा अडतो आणि सुटतो. बेल्ट तुटलेलं इंजिन एकसारखं, हलकं, सुंईं करत फिरतं. आमच्याकडचा पोरगा फोनवर हा आवाज ऐकून सांगतो की बेल्ट गेलाय. मालकाने तोवर एक-दोनदा सेल्फ मारलेला असतोच, म्हणून आठवून सांगा एवढंच. मुद्दाम पुन्हा मारून ऐकवू नका. फिरताना मध्येच 'खट्' करून अडत असेल तर पिस्टन कशाला तरी लागतोय.

कधी बेल्ट तुटत नाही, एक-दोन दात उडी मारतो. मग गाडी चालते, पण पिकअप नसतो, मिसिंग होतं, आयडलला थरथरते, इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी००१६ हा कोड दिसू शकतो, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचं गणित जुळत नाहीये. अशी गाडी 'चालतेय ना' म्हणून गावापर्यंत नेणं हा जुगार आहे. एक दात सुटलेला बेल्ट पुढचे दात कधी सोडेल याचा भरवसा नाही.

नुकसान होतं ते नेमकं कसं

क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो. ही सांगड घालणं एवढंच बेल्टचं काम. तीन हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास फेरे घेत असतो. बेल्ट तुटला की कॅम स्प्रिंगच्या जोराने जिथल्या तिथे थांबतो आणि त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतील ते उघडेच राहतात. क्रँक मात्र फ्लायव्हीलच्या आणि चाकांच्या जोरावर फिरतच असतो. पिस्टन वर येतो तिथे व्हॉल्व्हची थाळी लोंबत असते.

जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या आणि उघड्या व्हॉल्व्हच्या मध्ये फट राहते. तिथे नवा बेल्ट पुल्यांवरचे मार्क जुळवून टाकला की गाडी चालू. पण जास्त कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची जास्त उघडझाप हवी असेल तर ही फट ठेवणं परवडत नाही. डिझेलमध्ये तर जागाच नसते. तिथे हवा पंधरा ते वीसपट आवळायची असते, पिस्टन वर आल्यावर हेडखाली (सिलिंडरवरच्या झाकणाखाली) कागदाच्या गठ्ठ्याएवढी पोकळीही उरत नाही.

पहिली तपासणी, फुकटची : गाडीला बेल्ट आहे का?

ऐकायला विनोदी वाटेल, पण बेल्ट तुटला म्हणून आलेल्या गाड्यांत चेनवाल्याही असतात. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, इंजिन बघावं लागतं. अल्टो ८०० ला बेल्ट आहे, अल्टो के१० ला चेन. आय१० चं १.१ इंजिन बेल्टवर, तीच गाडी १.२ कप्पा इंजिनामध्ये चेनवर. सँट्रो झिंगला बेल्ट. १.३ डिझेल स्विफ्टला चेन. डस्टरचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटोचं १.५ टीडीआय, हॅरिअरचं २.० डिझेल आणि २.५ ची जुनी इनोव्हा, या सगळ्या बेल्टवाल्या. गाडीच्या पुस्तकात मेंटेनन्सच्या तक्त्यात 'टायमिंग बेल्ट' अशी ओळ आहे का ते बघा, आणि असेल तर किती किलोमीटर किंवा किती वर्षं लिहिली आहेत तेही. इंजिनानुसार हा आकडा साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत कुठेही असतो. वर्षांची अट लोक वाचतच नाहीत. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आजोबांची वर्षाला तीन हजार चालणारी गाडी या कारणानेच बंद पडते.

सेकंडहँड गाडी असेल तर मीटरवर विसंबू नका. इनोव्हात टी-बेल्टचा दिवा ठरलेल्या अंतराला लागतो, पण तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललेला नाही असंच समजा.

दुसरी, तीही फुकटची : दुसरं काही तर नाही ना?

इंधनाचा काटा, सीएनजी गाडीत सिलिंडरचं आणि टाकीतल्या पेट्रोलचं प्रमाण, डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय का (म्हणजे गाडी किल्ली ओळखत नाहीये), बॅटरी, हे सगळं बघून घ्या. क्रँक सेन्सर गेला तरी गरम इंजिन असंच एकाएकी मरतं आणि बऱ्याचदा अर्ध्या तासाने थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं. फरक आवाजात आहे. सेन्सर गेलेलं इंजिन सेल्फ मारल्यावर नेहमीच्या ठेक्यात फिरतं, नुसतं पेटत नाही. ठेका शाबूत असेल तर बेल्टची भीती बरीच कमी झाली.

तिसरी : वरचं कव्हर

यासाठी दहाचा पाना आणि टॉर्च पुरतो. इंजिनाच्या ज्या बाजूला पट्टे असतात, तिथे प्लॅस्टिकचं कव्हर असतं. बऱ्याच गाड्यांत वरचा भाग दोन-तीन बोल्ट किंवा क्लिपांवर निघतो. काहींत इंजिन माउंटिंग मध्ये येतं. ते सोडायला इंजिनाला खालून जॅक लागतो, रस्त्यावर तो उद्योग करू नका.

आत बेल्ट नाहीच, किंवा धागे लोंबतायत, तर प्रश्न मिटला. पण बेल्ट जागेवर दिसला म्हणून हुश्श करू नका. बोटाने दाबून बघा. ढिला असेल तर खाली कुठेतरी तुटलाय किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) गेलाय. ताठ असूनही शंका राहते, कारण बेल्ट अखंड राहून फक्त क्रँकच्या छोट्या पुलीवरचे दात सोलले जातात. वरून बेल्ट नव्यासारखा दिसतो आणि खाली पुली गुळगुळीत पट्ट्यावर घसरत असते. हे ओळखायचं तर क्रँकच्या सेंटर बोल्टला पाना लावून हाताने अगदी थोडा फिरवायचा आणि कॅमची पुली सोबत हलते का ते बघायचं. हे स्टार्टरने कधीच करू नका. हाताला अडथळा जाणवतो, स्टार्टरला जाणवत नाही. आधी स्पार्क प्लग काढलेत तर हात हलका जातो. इंजिन चालू असताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा, आणि अडलं की थांबा. जोर लावून 'सोडवायचं' नाही. जे अडलंय तो व्हॉल्व्ह आहे.

इथे घरच्या माणसाने थांबायचं

बेल्ट तुटलेला किंवा सोललेला दिसला, आणि गाडी डिझेल आहे किंवा पिस्टन-व्हॉल्व्ह भिडणाऱ्या जातीची पेट्रोल आहे, तर तुमचं काम संपलं. व्हिडिओ बघून बेल्ट टाकणारे बरेच असतात. पण बेल्ट टाकायच्या आधी आत काय झालंय ते कळायला हवं, आणि मार्क जुळवायला बऱ्याच इंजिनांत क्रँक-कॅम जागेवर अडकवणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला खाचच नसते, ती फक्त सेंटर बोल्टच्या आवळण्यावर उभी असते. पिन न लावता तो बोल्ट ढिला केला की उरलंसुरलं टायमिंगही गेलं. कॉमन रेल डिझेलचे पाईप उघडायचे तर नाहीतच. त्यात हजार बारच्या वर दाब असतो, आणि तो त्वचा फोडून आत जातो.

गाडी हलवताना धक्का मारून चालू करायचा मोह टाळा. धक्का मारणं म्हणजे चाकांनी क्रँक फिरवणं. उतारावर उभी करताना पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवू नका. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकांना दगड. दोरीने ओढायची तर किल्ली फक्त स्टिअरिंग सुटण्यापुरती फिरवा, आणि ब्रेक जड लागणार हे ध्यानात ठेवा. कुंभार्ली किंवा खंबाटकीसारख्या घाटात दोरीच्या भानगडीत न पडता गाडी उचलून नेणारा सपाट ट्रकच (फ्लॅटबेड) मागवा. ऑटोमॅटिकला तर दुसरा पर्यायच नाही.

गॅरेजमध्ये पुढे काय व्हायला हवं

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच मालक फसतो. एक तर "नुसता बेल्ट टाकून बघू" म्हणून दोन दिवस जातात, नाहीतर काही न तपासता थेट इंजिन बदलायचं कोटेशन हातात पडतं.

मध्यम मार्ग आहे. चार सिलिंडरचं इंजिन असेल तर क्रँक हळू फिरवून पहिला पिस्टन वरच्या टोकापासून पाव फेरा अलीकडे आणतात. त्या जागी चारही पिस्टन अंदाजे मध्यावर असतात, आणि वर कॅम कसाही फिरवला तरी व्हॉल्व्ह कशाला लागत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात ही सोय नाही, तिथे सगळे पिस्टन एकाच वेळी मध्यावर येतच नाहीत. एकही पिस्टन वरच्या टोकाजवळ नसेल अशी जागा शोधावी लागते आणि कॅम जपून हलवावा लागतो.

मग एकेक सिलिंडर धरायचा. त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद होतील अशा बेताने कॅम फिरवायचा, स्पार्क प्लग किंवा डिझेलमधल्या हीटर प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. दाब कमीच ठेवायचा, कारण पिस्टन मध्यावर आहे आणि जास्त हवा त्याला खाली ढकलून क्रँक फिरवते. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह वाकलाय. एअर फिल्टरच्या नळीतून आली तर इनलेटचा. ऑइलच्या झाकणातून किंचित येणारच, ती पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली. तिथून जोराने आली तर पिस्टनकडे संशय न्यावा. या तपासणीला हेड उतरवावं लागत नाही, गॅस्केटचा खर्च नाही. तरीही कित्येक ठिकाणी करत नाहीत, कारण त्यात बिल होत नाही.

ज्या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची फट, स्क्रूने सेट होते, तिथे याहून सोपी खूण आहे. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण वर बसत नाही, जरा खालीच अडकतो. त्यामुळे रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी तरफ) आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली फट एकदम वाढते. फिलर गेज घेऊन सगळ्या फटी मोजल्या की वेडावाकडा आकडा कुणाचा ते लगेच कळतं. गेजची पात सगळीकडे चिकटून सरकते, आणि त्या एका जागी तीन पात्या एकत्र घातल्या तरी सैल हलतात.

स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघता येतो. काजळीवर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली तर व्हॉल्व्ह आपटलाय. नुसती खूण असेल तर पिस्टन बहुधा वाचलेला असतो. भोक किंवा तडा असेल तर हिशेब वेगळा.

सगळ्या सिलिंडरांनी हवा धरली तर बेल्टचं किट टाकावं, मार्क जुळवावेत, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून मार्क पुन्हा तपासावेत आणि मगच कॉम्प्रेशन मोजावं. दोन फेरे यासाठी की तेव्हाच कॅमचा एक फेरा पूर्ण होतो. कॉम्प्रेशनचे आकडे आपसांत जुळले की गाडी चालू करायला हरकत नाही.

हवा गळाली तर हेड उतरवायचं. इथून खर्च चार आकड्यांतून पाच आकड्यांत जातो, आणि आधुनिक डिझेलमध्ये बराच पुढे. वाकलेले व्हॉल्व्ह सरळ करून घालणारे लेथवाले अजूनही भेटतात, त्यांना हात जोडा. एकदा वाकलेल्या व्हॉल्व्हची मान कुठे चिरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि ती तुटून सिलिंडरमध्ये पडली की मग खरोखरच इंजिन जातं. व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या गाइडला तडा आहे का, कॅम सरळ आहे का, रॉकर शाबूत आहेत का हेही बघायला लावा. काही इंजिनांत रॉकर आधी मोडतो आणि व्हॉल्व्ह वाचतो, तिथे थोडक्यात निभावतं. मग हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), सीट कटिंग (व्हॉल्व्हची बैठक नीट करणं), नवे व्हॉल्व्ह सील, नवं हेड गॅस्केट आणि कंपनी सांगत असेल तिथे हेडचे नवे बोल्ट. ते बोल्ट आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा वापरले की धरत नाहीत.

पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा

नवा बेल्ट वर्षभरात गेला की मालक बेल्टच्या डब्याला शिव्या घालतो, डुप्लिकेट माल म्हणतो. डुप्लिकेट असतोही. पण माझ्या अनुभवात बेल्ट स्वतःहून कमी मरतो, शेजारचा कुणीतरी त्याला मारतो. म्हणून तुटलेला बेल्ट फेकू देऊ नका, तो बघा.

एकाच जागचे दात सोलले असतील तर काहीतरी जाम झालं होतं. बहुतेकदा वॉटर बॉडीचं (कूलंट फिरवणाऱ्या पंपाचं) बेअरिंग, कधी ऑइल न मिळाल्याने अडकलेला कॅम. बेल्टची एकच कड झिजून धागे निघाले असतील तर टेन्शनर किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) तिरपा फिरतोय. बेल्ट फुगलेला, मऊ, हाताला चिकट लागत असेल तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय, आणि ते न बदलता टाकलेला नवा बेल्टही तेल पिऊन जाणार. पाठीवर सगळीकडे बारीक भेगा म्हणजे निव्वळ वय. आणि कात्रीने कापल्यासारखा आडवा सरळ तुटला असेल तर तो बसवताना दुमडला गेला होता, किंवा आत काही घुसलं. बेल्टच्या पोटात काचेच्या धाग्यांचे दोर असतात. ताणाला ते पोलादासारखे असतात, पण एकदा घडी पडली की आतल्या आत तुटतात. बेल्ट उलटा पिळून 'बघा किती लवचीक आहे' असं दाखवणाऱ्या दुकानदाराकडून तोच बेल्ट घेऊ नका.

एक डिझेल गाडी अशीच दुसऱ्यांदा आली होती. आधीच्या ठिकाणी फक्त बेल्ट बदलला होता, पैसे वाचवले म्हणून मालक खूश. कव्हर काढलं तर वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकापासून ब्लॉकवर गुलाबी पापुद्र्याचा ओघळ वाळलेला, नखाने खरवडला की पूड पडत होती. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. पुली हातात धरून हलवली तर खेळत होती. म्हणून जिथे वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर फिरते तिथे बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर बॉडी हे चारही एकदमच बदलायचे. मजुरी एकदाच लागते, कारण उघडायचं तेवढंच आहे.

दुसरं कारण म्हणजे बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा. तो फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात, आणि टायमिंग बेल्ट दात सोडतो. पंधराशे सीसीच्या काही डिझेल इंजिनांत हे चांगलंच माहीत असलेलं दुखणं आहे. बाहेरच्या पट्ट्याची कड उसवलेली दिसली तर त्याच आठवड्यात बदला. तो त्या मानाने स्वस्त आहे.

१.० इकोबूस्ट इकोस्पोर्टसारख्या इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच बुडून चालतो. तिथे भलतंच ऑइल टाकलं किंवा सर्व्हिस लांबवली की बेल्टचा भुगा होऊन ऑइल पंपाच्या जाळीत बसतो. मग बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचा लाल दिवा लागतो. तो लागला की गाडी तिथेच बंद करायची आणि उचलूनच न्यायची.

गाडी परत घेताना जुना बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर बॉडी मागून घ्या. बिलावर पार्टचे नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि तेच कव्हरवर मार्करने लिहायला सांगा. पहिले पाचशे-हजार किलोमीटर कूलंटची पातळी रोज बघा. हेड उतरवलेलं असेल तर ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस येतोय का तेही बघा. आला तर गॅस्केट नीट बसलेलं नाही. त्याच दिवशी परत घेऊन जा.